चिपाडातील साखर आणि तिची किल्ली

वाचकहो, भवानीनगर म्हटले की आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना उभा राहतो. इंदापूर तालुक्यातील या गावाची ओळखच मुळी श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे झाली. हंगाम सुरू झाला की बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांची रांग लागते, हवेत मळीचा वास भरतो आणि धुराडे रात्रंदिवस चालू राहते. एका बाजूने ऊस आत जातो, दुसऱ्या बाजूने साखरेची पोती बाहेर पडतात. त्या पोत्यांचा भाव काय, उतारा किती, याची चर्चा घरोघर होते. परंतु ऊस पिळून झाल्यावर जो बगॅस उरतो, ज्याला आपण साध्या बोलीत चिपाड म्हणतो, त्याची चर्चा क्वचितच होते. या लेखात त्या चिपाडाचा इतिहास सांगावयाचा आहे. तो इतिहास जुन्नरच्या कागदापासून युरोपच्या प्रयोगशाळांपर्यंत जातो आणि फिरून आपल्याच पुणे जिल्ह्यात येतो.

प्रथम थोडा हिशेब पाहू. एक टन ऊस गाळला म्हणजे साधारणपणे १०० ते ११५ किलो साखर मिळते, सुमारे ४० किलो मळी निघते आणि २८० ते ३०० किलो ओला बगॅस उरतो. या बगॅसमध्ये निम्मे पाणीच असते. म्हणजे कोरडा माल झाला सुमारे १४५ किलो. त्यात ६० किलोच्या आसपास सेल्युलोज, ४० किलोच्या आसपास हेमिसेल्युलोज आणि ३० किलोंच्या आसपास लिग्निन असते. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज हे दोन्ही पदार्थ साखरेच्याच कणांची लांब साखळी गुंफून झालेले आहेत. दोन्ही मिळून शंभर किलो भरले. याचा अर्थ, जेवढी साखर पोत्यात जाते, जवळजवळ तेवढीच साखर चिपाडात कुलूपबंद राहते!

मग ती गोड का लागत नाही? याचे उत्तर आपल्या शेतातच आहे. ज्वारीचे कणीस आणि ज्वारीचा कडबा यांचा विचार करा. दाण्यातील पिष्ट म्हणजे स्टार्च हे ग्लुकोजचेच बनलेले असते आणि कडब्यातील सेल्युलोजही ग्लुकोजचेच. फरक आहे तो दोन कणांमधील सांध्याचा. पिष्टातील सांधा आपल्या पोटातील रसांना सोडवता येतो, म्हणून भाकरी आपणांस पचते. सेल्युलोजमधील सांधा उलट्या बाजूने बसवलेला असतो, त्याच्या साखळ्या सरळ, एकमेकींना घट्ट चिकटून राहतात आणि पाणीसुद्धा त्यांत सहज शिरत नाही. हा सांधा माणसाला सोडवता येत नाही. बैलालाही तो स्वतःहून येत नाही, पण त्याच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांजवळ त्याची किल्ली असते. म्हणून एकाच ताटातला दाणा माणसाने खावा आणि कडबा बैलाने, अशी वाटणी निसर्गाने करून ठेवली आहे.

चुलवणापासून बॉयलरपर्यंत

आपल्या भागात ऊस वाढला तो कालव्याच्या पाण्यावर. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या दशकात नीरा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरच्या जिराईत रानाचा कायापालट होऊ लागला. आरंभी या उसाचा गूळच होत असे. गुऱ्हाळावर चरकातून निघालेले चिपाड उन्हात वाळवायचे आणि काहिलीखालच्या चुलवणात घालायचे, ही रीत होती. पुढे १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी जवळच वालचंदनगर येथे साखर कारखाना उभारला. १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी कारखानदारीचा पाया घातला गेला आणि त्या वाटेने माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखाने उभे राहिले. यंत्रे बदलली, मालकी बदलली, पण चिपाडाचे नशीब तेच राहिले. चुलवणाऐवजी ते बॉयलरमध्ये जळू लागले. आता त्याच्या वाफेवर अनेक कारखाने वीज करतात आणि उरलेली वीज विकतातही. तेव्हा चिपाड निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. ते उपयोगाला येते. प्रश्न इतकाच की, जाळणे हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग आहे काय?

कागदी बांधवांचे ज्ञान

सेल्युलोज न जाळता त्यातून मोलाची वस्तू करण्याचा एक फार जुना धंदा आपल्या महाराष्ट्रात होता आणि तो मुख्यतः मुसलमान कारागिरांच्या हाती होता. तो म्हणजे हातकागदाचा. कागदाची कला चीनमधून निघून आठव्या शतकात समरकंद आणि बगदादपर्यंत आली आणि तेथून पुढे हिंदुस्थानात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस आणली त्या काळापर्यंत जाते, असे सांगतात. आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नर हे कागदाचे ठिकाण होते आणि पुणे शहरातील कसबा पेठेत कागदीपुरा हे नाव आजही त्या कारागिरांची आठवण देते. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर कित्येक दप्तरे लिहिली गेली.

हे कागदी लोक काय करीत? जुन्या चिंध्या, गोणपाट, दोरखंड आणून तुकडे करीत, चुन्याच्या पाण्यात आणि खारात भिजवीत, कुटून कुटून लगदा करीत आणि धुऊन घेत. आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर चुना आणि खार सेल्युलोजभोवतीचा नको तो भाग सैल करीत आणि उरलेला शुद्ध तंतू कागद म्हणून जाळीवर उचलला जाई. सेल्युलोज हा शब्द त्या वेळी जगात कोणालाच ठाऊक नव्हता. पण त्याचा तंतू कसा मोकळा करावा, हे या कारागिरांच्या हातांना ठाऊक होते. यंत्राचा कागद स्वस्त झाला आणि हा धंदा मागे पडला. मुलांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण लेखाच्या शेवटी तिचा पुन्हा विचार करावयाचा आहे.

चिंध्यांची साखर

कागदी कारागिरांनी तंतू मोकळा केला, पण साखळी तोडली नाही. साखळी तोडण्याची पहिली किल्ली युरोपात सापडली. १८११ साली सेंट पीटर्सबर्ग येथे किर्खहोफ नावाच्या शास्त्रज्ञाने पिष्ट पाण्यात कालवून त्यात थोडे गंधकाम्ल, म्हणजे आपले वडीलधारे ज्याला गंधकाचे तेजाब म्हणत ते, घालून उकळले. पिष्टाची साखर झाली. नवल असे की तेजाब जेवढे घातले होते तेवढेच शेवटी शिल्लक राहिले. त्याने काम केले, पण ते स्वतः खर्ची पडले नाही. १८१९ साली फ्रान्समध्ये आंरी ब्राकोनो याने हाच प्रकार तागाच्या जुन्या चिंध्यांवर करून पाहिला. तीव्र तेजाबात चिंध्या विरघळवून, पाणी घालून उकळल्यावर त्यांचीही साखर झाली! ज्या चिंध्यांचा कागदी लोक कागद करीत, त्याच चिंध्यांतून साखर. गणिताने पाहिले तर १०० किलो शुद्ध सेल्युलोजपासून १११ किलो ग्लुकोज होऊ शकते, कारण साखळीचा प्रत्येक सांधा सुटताना पाण्याचा एक कण त्यात मिळतो.

१८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने, स्वतः न संपता दुसऱ्या पदार्थांत बदल घडवून आणणाऱ्या अशा सर्व द्रव्यांच्या करणीला एक नाव दिले. त्यावरून आलेल्या इंग्रजी शब्दासाठी मराठीत आपण उत्प्रेरक असे म्हणतो. उत्प्रेरक हा काहीसा लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो. दोन घरांची गाठ घालून देतो आणि आपण पुढच्या घरी जातो. १८३८ साली फ्रान्समधीलच अँसेल्म पायां याने वनस्पतींच्या या तंतूला सेल्युलोज हे नाव दिले.

त्याच काळात आणखी एक शोध लागला. जर्मनीतील डोबेरायनर याला एक वासाचे तेल मिळाले आणि १८४० साली स्टेनहाउस याने दाखवले की कोंडा, भुसा यांसारख्या वस्तू तेजाबाबरोबर ऊर्ध्वपातित केल्या की तेच तेल निघते. कोंड्याच्या लॅटिन नावावरून त्याला फर्फ्युराल म्हणू लागले. ते हेमिसेल्युलोजपासून होते. ऐंशी वर्षे ते बाटलीतच राहिले. १९२२ साली अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीजवळ ओटच्या फोलपटांचे ढीग पडले होते. तिने त्यांपासून फर्फ्युराल मोठ्या प्रमाणावर करावयास आरंभ केला. आज वंगणाची तेले शुद्ध करण्यास आणि ओतकामातील वाळूचे साचे बांधणारी राळ करण्यास फर्फ्युराल व त्यापासून होणारे पदार्थ लागतात. ज्या कोल्हापूरच्या ओतशाळांचे नाव देशभर आहे, तशा कारखान्यांच्या उपयोगाची ही वस्तू कोंड्यातून आणि चिपाडातून येऊ शकते.

मग ही विद्या सर्वत्र का पसरली नाही? कारण तेजाबाचे काही दुर्गुण आहेत. ते लोखंडाची भांडी खाते. काम झाल्यावर ते साखरेतून वेगळे काढणे कठीण असते. चुना घालून मारले तर जिप्समचे ढीग साचतात. शिवाय तयार झालेली साखर तेजाबात जास्त वेळ राहिली तर तिचाच नाश होतो. काहिलीतला गूळ वेळेवर उतरवला नाही तर करपतो, तसेच. जर्मनीत बेर्गियस आणि शोलर यांच्या पद्धतींनी लाकडाची साखर झाली खरी, पण युद्धाच्या टंचाईत जे परवडले ते शांततेच्या काळात स्वस्त मळी आणि स्वस्त खनिज तेलापुढे टिकले नाही.

दुसरी किल्ली बुरशीने दिली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजू लागले. त्याचा तपास करताना एल्विन रीज व त्यांच्या सहकाऱ्यांना ट्रायकोडर्मा नावाची बुरशी सापडली. ती सेल्युलेज नावाचे विकर सोडते आणि सेल्युलोजची साखर करून स्वतः खाते. विकर हाही उत्प्रेरकच, पण सजीवाने घडवलेला. त्याचा गुण असा की तो साध्या उबेत, साखर न करपवता काम करतो. दोष असा की तो सावकाश चालतो आणि महाग पडतो.

पुण्याच्या प्रयोगशाळेत

आता आपल्या घराजवळ येऊ. भवानीनगरपासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत, पुण्यास पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. येथे बुरशीच्या सेल्युलेजवर अनेक वर्षे संशोधन झाले. तसेच झिओलाइट नावाच्या घन उत्प्रेरकांवरील कामासाठी ही प्रयोगशाळा देशात नावाजली. झिओलाइट म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची खनिजासारखी पूड. तिच्या अंगी आम्लाचा गुण असतो, पण ती तेजाबासारखी पाण्यात मिसळून जात नाही. काम झाले की चहा गाळावा तशी गाळून वेगळी करता येते आणि पुन्हा वापरता येते. तेजाबाच्या दुर्गुणांवर हा चांगला उपाय होता. अडचण एवढीच की सेल्युलोजही घन आणि उत्प्रेरकही घन. दोन दगड एकमेकांशी बोलणार कसे?

याचे एक उत्तर २००६ साली मिळाले. जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील अत्सुशी फुकुओका आणि त्यांच्याबरोबर काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ परेश ढेपे यांनी सेल्युलोज पाण्यात घालून, अल्युमिनावर बसवलेल्या प्लॅटिनमची पूड मिसळून, हायड्रोजनच्या दाबाखाली १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. २४ तासांत सुमारे ३१ टक्के उत्पन्न मिळाले ते सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉल या साखरेच्या भावंडांचे. युक्ती अशी की साखळीतून ग्लुकोज सुटते न सुटते तोच त्यावर हायड्रोजन बसतो आणि ते करपण्यापासून वाचते. जणू गूळ होताक्षणीच काहिलीतून उचलला! सॉर्बिटॉल टूथपेस्टमध्ये आणि औषधांत लागते, क जीवनसत्त्व करण्याची सुरुवातही त्यापासून होते.

पुढे ढेपे पुण्याच्या प्रयोगशाळेत आले. तेथे २०१२ साली रमाकांत साहू आणि त्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेमिसेल्युलोज वेगळे न काढता, एकाच भांड्यात घन आम्ल उत्प्रेरकांनी त्याची साखर आणि फर्फ्युराल करून दाखवले. १७० अंशांवर, एका तासात झायलोज आणि अरॅबिनोज या साखरांचे ६२ टक्क्यांपर्यंत उत्पन्न आले. पाण्याबरोबर झायलीनसारखे दुसरे द्रावण ठेवले, तेव्हा फर्फ्युराल १८ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेले, कारण झालेले फर्फ्युराल लगेच त्या दुसऱ्या थरात जाऊन सुरक्षित राहते. परंतु त्यांनी एक उणीवही स्पष्ट लिहिली. उत्प्रेरक पुन्हा वापरला की दर खेपेस त्याचे बळ सुमारे २० टक्क्यांनी घटत होते. कारखान्याच्या दृष्टीने ही मोठी खोट होय. दुसऱ्याच वर्षी, २०१३ साली, त्याच प्रयोगशाळेतून निराळ्या घडणीच्या उत्प्रेरकाचे वृत्त आले. त्यात सिलिकॉन, अल्युमिनियम आणि फॉस्फरस यांची गुंफण होती. तो आठ वेळा वापरूनही टिकला आणि फर्फ्युरालचे उत्पन्न ६३ टक्के आले. विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाची चाल ही अशी असते. स्वतःच्या कामातील उणीव आकड्यांत लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच मागे लागायचे.

प्रयोगशाळेच्या बाहेरही हालचाल झाली. १९८३ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या प्राज उद्योगाने २०१७ च्या मे महिन्यात दौंड तालुक्यातील राहू येथे वर्षाला १० लाख लिटर क्षमतेचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. भाताचा पेंढा, गव्हाचे काड, कापसाच्या पऱ्हाट्या, बगॅस अशा मालातून विकरांच्या साहाय्याने साखर आणि तीपासून इथेनॉल करून पाहणे हा त्याचा हेतू होता. याच तंत्रावर हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा मोठा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची योजना आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात जेजुरी येथे साखरेपासून कुजणारे प्लॅस्टिक तयार करण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. आपल्या कारखान्यांतून आज जे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्यास जाते, ते प्रामुख्याने मळीपासून किंवा उसाच्या रसापासून केलेले असते, चिपाडापासून नव्हे.

प्रश्न कोणाचा?

तर मग चिपाडाची साखर आपल्या कारखान्यात का होत नाही? याची कारणे सरळ आहेत. बगॅस जाळून मिळणारी वाफ कारखान्याला हवीच असते. ती सोडून बगॅस दुसरीकडे द्यायचा तर त्याचा मोबदला विजेपेक्षा अधिक हवा. चिपाडात लिग्निन, माती, राख असते, त्यांनी उत्प्रेरक लवकर थकतो. मौल्यवान धातूचा उत्प्रेरक महाग पडतो. आणि शेतात जे पाचट राहते, ते सगळे उचलून आणावे म्हटले तर जमिनीला काय उरेल, हाही विचार करावा लागतो. पाचट जाळण्यापेक्षा कुट्टी करून सरीत कुजवणे जमिनीच्या हिताचे असते, हे शेतकरी जाणतात.

तथापि या गोष्टीचा संबंध आपल्या घरांशी आहे. २०१२ साली रंगराजन समितीने शिफारस केली की साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या मिळकतीतील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला मिळावा. म्हणजे चिपाडाची किंमत हा शेतकऱ्याच्या हिशेबातला प्रश्न आहे. उद्या चिपाडातून राळ, औषधी द्रव्ये, प्लॅस्टिक होऊ लागले, तर त्याला इंधनाचा भाव धरायचा की रसायनाच्या कच्च्या मालाचा? चार-पाच महिने चालणाऱ्या हंगामाऐवजी वर्षभर काम मिळेल काय, आणि ते कोणाला मिळेल? हे प्रश्न विचारण्यासाठीसुद्धा चिपाडात काय आहे, हे ठाऊक असावे लागते.

पालक बंधुभगिनींनो, येथेच मला जुन्नरच्या कागदी कारागिरांकडे पुन्हा वळावयाचे आहे. त्यांच्या हातांत विद्या होती, कष्टाची तयारी होती. पण त्या विद्येचे पुस्तक झाले नाही, प्रयोगशाळा झाली नाही, म्हणून यंत्र आले तेव्हा ती बाजारातून बाजूला पडली. जे ज्ञान बापाकडून मुलाकडे केवळ हाताने जाते, ते बदलत्या काळाशी सामना करू शकत नाही. त्याला शाळेची जोड हवी. आपल्या मुलामुलींना बारावीला रसायनशास्त्र अवघड वाटते म्हणून ते सोडावयास सांगू नका. मुंबईची १९३३ साली स्थापन झालेली रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था, मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पाषाणची राष्ट्रीय प्रयोगशाळा ही सर्व आपल्याच राज्यात, बसने जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. एम.एस्सी. नंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवून संशोधन करता येते. त्या शिष्यवृत्तीवर घरचा भार न वाढवता शिकता येते. मुलींनी या वाटेने जाण्यास काहीच अडचण नाही. प्रयोगशाळेत हाताच्या नेटकेपणाची आणि चिकाटीची कदर होते.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या हंगामात कारखान्यावरून जाताना बगॅसचा डोंगर दिसेल, तेव्हा त्यातून एक चिमूट हातात घ्या आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना तीन गोष्टी विचारा. यात सेल्युलोज किती, हेमिसेल्युलोज किती, लिग्निन किती? ते एकमेकांपासून वेगळे करावयाचे तर प्रथम काय करावे? आणि जो उत्प्रेरक आठ वेळा टिकला तो आठशे वेळा टिकावा यासाठी त्यात काय बदलावे लागेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकात आहेत. तिसऱ्याचे अजून कोणालाच पुरते सापडलेले नाही. ते शोधणारा विद्यार्थी बारामती-इंदापूरच्या शाळेतून का येऊ नये?